साडेचार तासांत लंडन?

बालदोस्तांनो, आधी एक गणित सोडवा पाहू. हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी दीडला निघालं आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला लंडनला उतरलं. किती तास लागले?

साडेचार! असंच म्हणालात ना? आमच्या भाईंदरच्या शाळेतल्या एका मुलानेही हेच उत्तर काढलं होतं. जानेवारीत त्याचे बाबा लंडनला निघाले. तिकिटावरच्या वेळा वाचून त्याने घरात सांगून टाकलं, "सहाला बाबांचा फोन येणार!" सहा वाजले, आठ वाजले, दहा वाजले. फोन नाहीच. आजी देवापुढे बसून राहिली, आईला घास गिळेना. अखेर पावणेबाराला फोन वाजला. "आत्ताच उतरलो, अगदी वेळेवर!"

दुसऱ्या दिवशी स्वारी माझ्यापुढे हजर. "बाई, वजाबाकी तर बरोबर होती. मग चुकलं काय?"

वजाबाकी बरोबर होती, पण घड्याळं दोन होती! तिकिटावर निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोचायची लंडनच्या. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. लंडनमधलं ग्रीनिच शून्य रेखांशावर आहे, तर भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरून ठरते. आता ८२.५ ला १५ ने भागा. उत्तर साडेपाच! आपण लंडनच्या साडेपाच तास पुढे. (उन्हाळ्यात तिथे घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.) म्हणून साडेचारात साडेपाच मिळवा. खरा प्रवास दहा तासांचा!

आता परतीचं पाहा. लंडनहून रात्री साडेनऊला निघालेलं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत येतं. दिसतात साडेचौदा तास. त्यातून साडेपाच वजा केले की उरतात नऊ. अंतर तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. मग एक तास गेला कुठे? तो वाचवला वाऱ्याने! सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात, येताना पाठीमागून ढकलतात. उत्तनच्या कोळीदादांना विचारा, वारा पाठीशी असला की होडी कशी पळते!

आणि हे दहा तास तरी काय जास्त? एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालं. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत ते लंडनला पोचलं १० जूनला!

आता घरी हे करून पाहा. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा आणि मोजा. मग विषुववृत्तावरून पूर्ण फेरी मोजा. ती फेरी सुमारे ४०,००० किलोमीटरची. दोरा फेरीच्या कितवा भाग आहे ते काढलंत, की दोन शहरांमधलं अंतर हातात!

आमच्या त्या पठ्ठ्याने काय केलं सांगू? परतीच्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाखाली एक कागद चिकटवला : 'बाबा उद्या दुपारी बाराला. आपल्या घड्याळाप्रमाणे.' त्या रात्री आजी निवांत झोपली.