मुद्दाम कमजोर ठेवलेले भाग: ट्रॅक्टरचा शिअर बोल्ट, रेडिएटरचं झाकण आणि फ्यूज

रोटाव्हेटर चालू असताना अचानक 'टक्' असा आवाज येतो. ट्रॅक्टरचं इंजिन चालू, शाफ्ट फिरतोय, पण पाती थांबलेली. खाली उतरून बघितलं तर शाफ्टच्या जोडावरचा एक छोटा बोल्ट तुटलेला. हंगाम ऐन भरात, भाड्याच्या ट्रॅक्टरचा तास चालू. अशा वेळी मनात एकच विचार येतो: 'च्यायला, हा बोल्टच हलका होता. आता चांगला मजबूत टाकू.'

थांबा. तो बोल्ट हलका होता हे खरं, पण मुद्दाम हलका होता. त्याला शिअर बोल्ट म्हणतात आणि वेळ आली की तुटणं हेच त्याचं काम.

माझं संशोधन धातू कसा आणि का तुटतो यावर आहे. या विषयात एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जोर प्रमाणाबाहेर गेला की काहीतरी तुटणारच. काय तुटावं, एवढंच आपल्या हातात असतं.

थोडं गणित करू. पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला 9. त्यातून 40 एचपी ताकद जात असेल, तर शाफ्टला पडणारा पीळ किती? एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 54 किलो वजन टांगावं, तेवढा. आता शिअर बोल्ट शाफ्टच्या मध्यापासून 5 सेंटीमीटरवर आहे असं धरा. अंतर 20 पट कमी झालं, म्हणजे जोर 20 पट वाढला. नेहमीच्या कामातही त्या बोटभर बोल्टवर एक टनाहून थोडा जास्त भार असतो.

बोल्ट किती सोसेल ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. 4.6, 8.8, 10.9, 12.9 असे आकडे तुम्ही पाहिले असतील. 8.8 मधला पहिला 8 सांगतो की हा बोल्ट ताणून तोडायला दर चौरस मिलिमीटरला साधारण 80 किलोचा जोर लागेल. आडवा कापायला त्याच्या सुमारे 60 टक्के पुरतात. 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा छेद होतो 50 चौरस मिलिमीटर. म्हणजे तो अंदाजे 2,400 किलोला कापला जाईल. रोजच्या भाराला टिकेल, पण पाती दगडात किंवा बुंध्यात अडकली की भार क्षणात कितीतरी पटींनी वाढतो, तेव्हा तो जाईल. आपल्याला हेच हवंय.

आता त्याच्या जागी भोक वाढवून 10 मिलिमीटरचा, 12.9 चा बोल्ट टाकला तर? तो सुमारे 5,600 किलोपर्यंत तुटणार नाही. पण दगड तर अडकलेलाच आहे. मग पीळ पुढे जातो आणि रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचे दात, शाफ्टचा क्रॉस किंवा ट्रॅक्टरचा पीटीओ यांपैकी जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटतं. वीस-तीस रुपये वाचवायला जाऊन हजारोंचा खर्च, शिवाय हंगामातले दिवस वाया.

रेडिएटरचं झाकणही याच जातीचं. त्यात एक स्प्रिंग असते. झाकणावर 7 पौंड असं लिहिलं असेल, तर तेवढा दाब होईपर्यंत ते पाणी अडवून धरतं. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं, 100 ऐवजी साधारण 111 अंशांना. दाब त्याहून वाढला की स्प्रिंग हार मानते आणि जास्तीचं पाणी बाटलीत सोडते. स्प्रिंग ढिली झाली तर इंजिन लवकर उकळतं. उलट, जास्त दाबाचं झाकण बसवलं तर स्प्रिंगऐवजी होजपाइप किंवा रेडिएटर हार मानतो. आणि गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका. दाब सुटताच ते पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

तिसरा भाऊ म्हणजे फ्यूज. 15 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी 30 चा टाकतं, कुणी तांब्याची तार गुंडाळतं. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. फ्यूज वितळला नाही तर वायर वितळेल, आणि वायरच्या शेजारी डिझेलची नळी असू शकते.

मग बोल्ट सारखाच तुटत असेल तर काय करायचं? आधी तुटलेला तुकडा नीट बघा. एका झटक्यात कापला गेलेला पृष्ठभाग सपाट आणि एका दिशेने घासल्यासारखा दिसतो. झाडाच्या खोडात असतात तशी वलयं दिसली, तर बोल्ट हळूहळू थकून तुटलाय. तेव्हा भोक लंबगोल झालंय का, बोल्ट सैल बसतोय का ते तपासा. कापला जातो त्या जागी बोल्टचे आटे येत असतील, तर तिथली ताकद सुमारे पाव हिश्श्याने कमी होते. आणि जोडाला ग्रीस द्या. दोन्ही भाग गंजून एकमेकांना चिकटले, तर बोल्ट तुटूनही पीळ सुटणार नाही.

बोल्ट बदलताना पीटीओ बंद, इंजिन बंद आणि चावी खिशात. सेकंदाला 9 फेरे फिरणाऱ्या शाफ्टमध्ये धोतराचं किंवा ओढणीचं टोक अडकलं, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मापाचे आणि ग्रेडचे चार-पाच बोल्ट आणि दोन-तीन फ्यूज टूलबॉक्समध्ये ठेवाच. शेतात जुगाड होतो तो बहुतेक वेळा योग्य भाग हाताशी नसतो म्हणून.