वाघदेवाची शीव : वारल्यांचा धर्म आणि जमीन

आज आपण अंबाडीत बसून वारली समाजाच्या श्रद्धांचा विचार करणार आहोत. वारली म्हटलं की आपल्याला आधी चित्र आठवतं: गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. पण मूळ चित्र म्हणजे लग्नाचा चौक. तो सवाशिणी काढतात आणि त्यात पालघट देवी असते. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी म्हणणारी बाई. चौक नाही तर लग्न नाही. चित्र तिथे शोभेसाठी नसतं, ते विधीचाच भाग असतं.

या श्रद्धांच्या मुळाशी तीन नावं आहेत. धरतरी म्हणजे भूमी, गावतरी म्हणजे गाय आणि कणसरी म्हणजे धान्य. तिघीही माताच. आता बघा, धान्य जर आई असेल तर ते वाटेल तेव्हा ओरबाडता येत नाही. म्हणून नवं भात आधी देवाला आणि मग माणसाला. पावसाळ्याच्या तोंडाला उगवणाऱ्या कवळ्या भाजीचंही तसंच.

वाघाचं उदाहरण घ्या. दिवाळीआधीच्या ज्या द्वादशीला आपण वसुबारस म्हणून गायवासरू पुजतो, त्याच तिथीला वारली वाघबारस करतात. गाय खाणाराही देवच! मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून हे फार मोलाचं वाटतं. जंगलात आपल्यासारखाच दुसऱ्याचाही वाटा आहे, हे इथे ग्रंथात लिहिलेलं नाही. ते शिवेवरच्या वाघदेवापुढे दरवर्षी आचरणात येतं.

असा विचार करणारे वारली एकटे नाहीत. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांत मक्याची माता आहे, तिचं नाव सेलू. त्यांच्याकडेही नवा मका विधी झाल्याशिवाय खात नसत. या लोकांना 1838-39 मध्ये सैन्याने त्यांच्या भूमीतून पश्चिमेला हाकललं. त्यात सुमारे 4,000 माणसं दगावली असा अंदाज आहे.

वारल्यांना असं कुणी हाकललं नाही. ते जागेवरच राहिले, जमीन मात्र पायाखालून गेली. पावसाळ्यात पोटाला खावटी घ्यायची आणि सुगीला वाढीव धान्य भरायचं. ते फिटलं नाही की जमीन सावकाराकडे. मग त्याच शेतावर वेठ. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवराबायको दोघंही मालकाकडे राबणार, त्यांना लग्नगडी म्हणत. म्हणजे ज्या चौकापुढे संसार सुरू व्हायचा, तिथूनच गुलामी सुरू व्हायची.

1945 च्या जानेवारीत आपल्या जवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. मे महिन्यात तलासरी भागातल्या झरी गावी वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. पण वेठ मोडली ती मोडलीच.

वेठ गेली, तरी जंगलजमिनीचा प्रश्न राहिला. त्यासाठी 2006 चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती नीट ऐका. पुरावा म्हणून फक्त सरकारी कागद लागतो असं नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. सामूहिक हक्काच्या दाव्यात पवित्र झाडं, देवराया, स्मशानभूमी यांचीही नोंद पुरावा म्हणून घेता येते.

म्हणजे देव कुठे बसवलाय, पूर्वज कुठे पुरलेत, हे सांगणारी म्हातारी माणसं नुसती गोष्ट सांगत नसतात. ती गावाची हद्द सांगत असतात. ज्या पाड्यावर हे काम व्हायचं आहे, तिथे ग्रामसभेने त्यांना घेऊन एकदा शीव फिरावी आणि ते सांगतील ते लिहून घ्यावं. हे काम त्यांच्या हयातीतच व्हायला हवं.