सहाध्यायी गुरू

विद्येचे चार भाग कोठून मिळतात, हे एका जुन्या संस्कृत सुभाषितात सांगितले आहे. एक भाग आचार्यांकडून मिळतो, दुसरा शिष्य स्वतःच्या बुद्धीने मिळवितो, तिसरा बरोबरीच्या विद्यार्थ्यांकडून येतो आणि चौथा काळ जाईल तसा पदरी पडतो. पहिल्या दोहोंची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तिसऱ्याकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी तर त्याचीच निकड सर्वांत अधिक असते.

ही निकड समजून घेण्यास चंदीगडसारखे दुसरे स्थळ क्वचितच मिळेल. तेथील पंजाब विद्यापीठ मूळचे लाहोरचे, १८८२ साली स्थापन झालेले. फाळणीनंतर त्याची मुख्य कचेरी सोलनला गेली आणि विभाग होशियारपूर, जालंधर, दिल्ली असे ठिकठिकाणी विखुरले. पुढे १९५० नंतरच्या दशकात ते नव्या राजधानीत येऊन स्थिरावले. पंजाबचे अभियांत्रिकी महाविद्यालयही लाहोरहून रुरकीला आणि तेथून १९५३ साली चंदीगडला आले. शहर नवे, संस्था घर सोडून आलेल्या. जुना शेजार असा कोणालाच नव्हता. आजही पंजाब, हरियाणा आणि हिमाचलच्या खेड्यांतून तेथे येणारा विद्यार्थी थोड्याफार फरकाने तसाच परका असतो.

त्याची पहिली अडचण बुद्धीची नसते, शब्दांची असते. हिंदी माध्यमाच्या शाळेत तो चाल, वेग आणि त्वरण शिकलेला असतो. हे तिन्ही शब्द मराठी पाठ्यपुस्तकांतही आहेत. महाविद्यालयात प्राध्यापक ‘स्पीड’, ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘ॲक्सिलरेशन’ म्हणतात. जे त्याला ठाऊक आहे तेच फळ्यावर चालले आहे, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत तास संपतो. विचारावे, तर शेकडा डोळे आपल्याकडे वळतील ही धास्ती. असा विद्यार्थी गप्प बसतो, आणि गप्प बसलेला विद्यार्थी परीक्षेच्या निकालापर्यंत कोणाला दिसत नाही. गडचिरोलीहून नागपूरला किंवा चंदगडहून पुण्याला येणाऱ्या मुलाची कथा याहून निराळी नाही.

येथे सहाध्यायी उपयोगी पडतो. प्राध्यापकांना विषय समजून वीस वर्षे झालेली असतात. आपण कोठे अडखळलो होतो, हे त्यांना आता आठवतही नसते. शेजारच्या बाकावरील मुलगा मात्र तीच ठेच गेल्या आठवड्यात खाऊन पुढे गेलेला असतो. वाटेतला दगड कोठे आहे, हे त्याच्या पायाला अजून ठाऊक असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. चेंडू सरळ वर फेकला. सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग क्षणभर शून्य होतो. मग तेथे त्याचे त्वरण किती? पुष्कळ विद्यार्थी ‘शून्य’ असे उत्तर देतात. या ठिकाणी ‘चूक’ म्हणून बरोबर उत्तर वहीत उतरवून देणे सोपे आहे; पण ती शिकवणी नव्हे. चांगला सहाध्यायी एवढेच विचारतो, “त्वरणही शून्य असते, तर चेंडू पुढे काय करता?” समोरचा विचार करतो, आणि चेंडू आकाशातच टांगलेला राहिला असता, हे त्याला आपोआप उमगते. उत्तर त्याचे त्यालाच सापडते, म्हणून ते टिकते. विचारणाऱ्याचाही यात लाभ होतो. शिकविण्यासाठी विषयाची मांडणी करू लागले, म्हणजे आपल्याला काय समजले आहे आणि काय नुसते पाठ आहे, याचा निवाडा तत्काळ होतो.

या पद्धतीचा इतिहास मात्र सावधही करतो. १७८९ साली अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या सैनिकी अनाथालयात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविण्याचा प्रयोग आरंभिला. वाळूत अक्षरे गिरवून शिकणारी देशी मुले पाहून त्यांना बरेच सुचले होते. १७९७ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी अशीच पद्धत चालविली आणि एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसू लागली. पण स्वस्ताई हाच तिचा मोठा गुण ठरल्यावर शिकविणे मागे पडले आणि घोकंपट्टी उरली. प्रशिक्षित शिक्षकांची आवश्यकता पटू लागली, तशी ती पद्धत ओसरली. सहाध्यायी हा शिक्षकाचा पर्याय नव्हे, हा तिचा धडा आहे.

दुसरा धडा कॅलिफोर्नियातील बर्कलेचा. तेथे १९७० नंतरच्या दशकात युरी ट्रीझमन यांनी पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांकडे बारकाईने पाहिले. ती मुले कष्टाळू होती, पण एकटी अभ्यास करीत. चिनी वंशाची मुले आधी एकटी बसत आणि मग एकत्र येऊन एकमेकांच्या चुका काढीत. ट्रीझमन यांनी अशा सामुदायिक अभ्यासाचे वर्ग काढले. त्यांत सोपी नव्हेत, तर अधिक कठीण गणिते दिली, आणि मुलांचे यश वाढले. त्या मुलांना दया नको होती, सोबत हवी होती.

भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणाच्या संदर्भात सहाध्यायी शिकवणीचा पुरस्कार केला आहे. तो स्वेच्छेने आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली, हे विशेष. महाविद्यालयांनाही हेच लागू पडावे. आठवड्यातून दोन ठराविक संध्याकाळी, एक मोकळी खोली, तीनचार जणांचा गट, आणि न सुटलेली शंका घेऊन जाता येईल असा एक प्राध्यापक: याहून अधिक सामग्री लागत नाही. शिकविणाऱ्याने दोन पथ्ये मात्र पाळावीत. दुसऱ्याची वही आपण लिहू नये. आणि जे आपल्याला येत नाही, ते येत नाही असे सांगावे.

हे दुसरे पथ्य कठीण खरे. पण बरोबरीचा मुलगा ‘मलाही हे कळलेले नाही’ असे म्हणतो, तेव्हाच गप्प बसलेल्या विद्यार्थ्याला तोंड उघडण्याचा धीर येतो. पुढच्या तासाला त्याचा हात वर जातो.