वॉट, पंखा आणि मे महिना

लॅपटॉपच्या तांत्रिक माहितीपत्रकात अगदी तळाशी एक ओळ असते: वापरासाठी योग्य तापमान, साधारण ५ ते ३५ अंश सेल्सिअस. गेमिंग लॅपटॉप घ्यायला निघालेले बहुतेक जण ती वाचतच नाहीत. पवनारच्या माणसाने मात्र ती सगळ्यात आधी वाचावी. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नेहमीचेच, आणि टिनाच्या छताखालची खोली रात्री दहा वाजताही तापलेली असते.

धाम नदीकाठचे हे गाव देशाला माहीत आहे ते विनोबांच्या आश्रमामुळे. वर्धा–नागपूर रस्त्यालगत असल्याने इथली मुले रोज बसने, दुचाकीने कॉलेजांना जातात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आणि त्याचे शेतकरी वडील यांची ही खरेदी. हातात ९० हजार रुपये, तेही तूर विकून आलेले. त्यामुळे एकेका आकड्याची नीट चौकशी होणार, हे घरातच ठरले होते.

यादीची सुरुवात मुलाने कामापासून केली. मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळायचे, सुटीत ‘सायबरपंक २०७७’, आणि मुख्य म्हणजे अनरिअल इंजिन शिकायचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम याच इंजिनवर बनवून जगभर विकला, तेव्हापासून हे काम आपल्याकडेही होऊ शकते असे त्याच्या मनाने घेतले आहे. या यादीने अर्धी निवड करून टाकली. ‘व्हॅलोरंट’ साध्या यंत्रावरही पळतो. पण अनरिअल इंजिन ५ साठी त्याची निर्माती एपिक कंपनी ३२ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डावर ८ जीबी किंवा अधिक मेमरी सुचवते. त्यामुळे ६ जीबीचे आरटीएक्स ४०५० बाद झाले आणि ८ जीबीच्या ४०६० वर बोट ठेवले गेले. लॅपटॉपमधल्या ४०७० लाही ८ जीबीच मेमरी असते, म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचा प्रश्न उरला नाही.

इथवर सगळे सोपे होते. खरी चौकशी नागपूरला, सीताबर्डीतल्या एका दुकानात सुरू झाली.

काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी होते. दोघांवर ४०६० चे तेच स्टिकर, किमतीत थोडासाच फरक. मुलाने विचारले, “टीजीपी किती?” म्हणजे ग्राफिक्स चिपला जास्तीत जास्त किती वीज मिळते. लॅपटॉपमधले ४०६० हे एका ठरावीक ताकदीचे यंत्र नसते. एनव्हिडियाने या चिपसाठी ३५ ते ११५ वॉट एवढी मुभा दिली आहे आणि डायनॅमिक बूस्ट धरून काही यंत्रांत ती १४० वॉटपर्यंत जाते. आपल्या लॅपटॉपात त्यातले किती द्यायचे, ते बनवणारी कंपनी ठरवते. बारीक, हलक्या यंत्रात कमी, जाडजूड यंत्रात जास्त. स्टिकरवर हे सहसा लिहिलेले नसते.

“म्हणजे मोटारपंपावानीच,” वडील म्हणाले. “पाटी एकच, पण एक तीन एचपीचा अन् एक पाचचा.”

दुकानदाराला आकडा माहीत नव्हता, पण त्याने यंत्र हाती दिले. मुलाने एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन सिस्टिम इन्फर्मेशन उघडले. कमाल ग्राफिक्स पॉवर तिथे वाचता येते. एका लॅपटॉपचा आकडा ७५ वॉट, दुसऱ्याचा १४०. यातही तारतम्य लागते. साधारण १०० वॉटनंतर ४०६० चा वेग फारसा वाढत नाही, वरची वीज बरीचशी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून १४० चा आकडा दुप्पट वेग देत नाही. पण ज्या यंत्राची थंड करण्याची व्यवस्था १४० वॉटच्या हिशेबाने बांधलेली आहे, ते १०० वॉटवर निवांत चालते. उन्हाळ्यात पवनारला हेच हवे.

याचे कारण साध्या गणितात आहे. चिपची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून बारीक पात्यांपर्यंत येते आणि पंखे खोलीतली हवा त्यांवरून फिरवतात. किती उष्णता बाहेर जाणार, हे पाती आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाती ७० अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर फरक ४५ चा. खोली ४० वर गेली की फरक ३० वर येतो आणि तेवढ्याच वाऱ्यात दोन तृतीयांशच उष्णता बाहेर पडते. उरलेली आतच साठते. मग चिप आपला वेग आपणच कमी करते, कारण ठरावीक तापमानापलीकडे तिची सहनशक्ती संपते. गेम अडखळू लागतो, पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. एसी लावलेल्या दुकानात पाच मिनिटे चालवून पाहिलेल्या यंत्राबद्दल यातले काही कळत नाही. मुलाने चार्जर लावायला सांगून, परवानगीने, एक जड चाचणी वीस मिनिटे चालवली आणि शेवटच्या पाच मिनिटांतले वॉट व तापमान वहीत टिपले. चार्जर लावायला लावले तेही मुद्दामच: नुसत्या बॅटरीवर गेमिंग लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड निम्म्याहूनही कमी ताकदीवर उतरू शकते.

विदर्भातल्या घरांत यावर कूलरचा उतारा असतो आणि कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगलीच उतरवतो. फक्त लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवायचा नाही, कारण त्या हवेबरोबर ओल आणि पाण्याचे तुषारही येतात. मागची बाजू बोटभर उचलून ठेवली तर खालच्या जाळीतून हवा मोकळी आत जाते. या कापूसपट्ट्यात धूळ आणि तंतू पात्यांत अडकतात, म्हणून पंखे साफ करण्यासाठी तळ सहज उघडतो का, हेही पाहून घेतले.

स्क्रीनपाशी वडील थांबले. एकावरचा लाल रंग फिका दिसत होता. तिथे एनटीएससी ४५ टक्के असे लिहिले होते. असा पडदा नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण ६० ते ६५ टक्केच दाखवतो. ज्याला गेममधली दृश्ये रंगवायची आहेत त्याला तो चालणार नाही. दुसरा एसआरजीबी १०० टक्क्यांचा, १६५ हर्ट्झचा. वेगाबाबत दोन्ही सारखे, फरक रंगांचा.

रॅमचा प्रश्न जागेचा होता. १६ जीबी दोन ८ च्या स्टिकमध्ये मिळाली तर दोन्ही वाटांनी माहिती धावते आणि गेमला लगेच फायदा होतो. पण पुढे ३२ करताना दोन्ही स्टिक काढून टाकाव्या लागतात. एकच १६ ची असेल तर सुरुवातीला वेग थोडा कमी, पण दुसरी जागा रिकामी. मुलाने दुसरा पर्याय घेतला. साठवणुकीचेही तसेच: ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसते, आणि ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ एकटाच १५० जीबी मागतो. म्हणून एम.२ ची दुसरी खाच असलेलेच यंत्र हवे होते. एवढा गेम ४० एमबीपीएसच्या फायबरवर उतरवायला आठ तासांहून अधिक लागतात. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबी डेटावर तर १०० दिवस. फायबरची जोडणी आधी आणि लॅपटॉप नंतर, असा क्रम घरात लावला गेला तो यामुळेच.

विजेचा हिशेब वडिलांनी स्वतः केला. खेळताना २०० वॉट, रोज तीन तास, महिन्याला १८ युनिट. हे त्यांना मान्य झाले. घरचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे की स्क्वेअर वेव्हचा, हे मात्र घरी जाऊन तपासायचे ठरले, कारण मोठ्या चार्जरला पहिलाच मानवतो.

शेवटचा प्रश्न ऑनसाइट वॉरंटीचा. ती पिनकोडवर अवलंबून असते. पवनारचा पिनकोड घालून कंपनीकडून खात्री करून घेतली, तेव्हा कुठे १४० वॉटवाल्या यंत्राचे बिल फाडायला सांगितले. बिलावरचा अनुक्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवला. घरी खोके उघडतानाचे चित्रण सलग करायचे, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मेलेले पिक्सेल शोधायचे, आणि भर दुपारी, कूलर बंद ठेवून, दुकानातली तीच वीस मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यायची, अशी यादी मुलाने बसमध्ये केली. दुसरी १६ जीबीची स्टिक सोयाबीन विकल्यावर घ्यायची, हेही त्याच यादीत वडिलांनी लिहायला लावले.