शेकडो ठोक्यांतून एक ठोका

उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं. म्हणजे एक अख्खा ठोका साधारण 100 मिलिसेकंदांत आटोपतो! आकार जेमतेम वाटाण्याएवढा, डाव्या खालच्या कप्प्याची भिंत सुमारे 1 मिलिमीटर जाड. हृदयविकारावरची कितीतरी औषधं आधी याच इवल्याशा स्नायूवर पारखली जातात, त्यामुळे तो धडधडत असतानाच आतून बघावा लागतो.

एमआरआय यंत्र चित्र एका झटक्यात टिपत नाही. ते ओळी-ओळींनी माहिती गोळा करतं आणि पुरेशा ओळी जमेपर्यंत कित्येक ठोके पडून गेलेले असतात. त्यात श्वासाने छाती हलली की हृदयही जागचं सरकतं. काहीच उपाय केला नाही, तर हाती लागतो धूसर डाग.

रुळलेला उपाय असा: पंजांना ईसीजीच्या तारा, श्वास टिपायला पोटाशी हवेची चिमुकली उशी. ठोका पडला की यंत्राला इशारा मिळतो. भुलीखालचा उंदीर चटकन श्वास घेतो आणि मग बराच वेळ निवांत असतो, त्या निवांत वेळातच मोजून घ्यायचं. पण स्कॅनरमधली चुंबकक्षेत्रं भराभर बदलतात आणि ईसीजीत खोटे झटके उमटतात. शक्तिशाली चुंबकात वाहणारं रक्तसुद्धा स्वतःचा विद्युतदाब निर्माण करून त्यात भर घालतं.

मला खरं थक्क करते ती पुढची युक्ती. ईसीजीवर विसंबायचंच नाही. यंत्राने न थांबता मोजत राहायचं आणि दर वेळी हृदयाच्या ज्या छेदाचं चित्र घ्यायचंय, त्यातून येणाऱ्या एकूण सिग्नलचा आकडाही टिपायचा. हृदय रक्ताने भरलं, रिकामं झालं, की हा आकडा वरखाली होतो. त्यात दोन लाटा मिसळलेल्या असतात, ठोक्याची झरझर आणि श्वासाची संथ. संगणक त्या वेगळ्या करतो. मग उंदीर पिंजऱ्यात परतल्यावरही प्रत्येक ओळ ठोक्याच्या कोणत्या टप्प्यावरची, हे ठरवता येतं. श्वासाच्या धक्क्यात सापडलेल्या ओळी बाद करायच्या, उरलेल्या टप्प्याटप्प्याने जुळवायच्या.

पडद्यावर एकच ठोका सलग दिसतो. असा ठोका प्रत्यक्षात कधी पडलेलाच नसतो, तो शेकडो ठोक्यांच्या तुकड्यांतून उभा राहिलेला! तरी हृदयविकाराच्या झटक्यानंतर भिंतीचा कोणता भाग आकसत नाही, ते त्यात स्पष्ट कळतं. भिस्त एकाच गोष्टीवर असते, दर ठोका मागच्यासारखाच असण्यावर. म्हणून ठोके अनियमित असले की ही जुळवणी अडखळते आणि वेगळ्या लांबीचे ठोके आधी निवडून बाजूला काढावे लागतात.