पट्ट्याच्या दातांवर चालणारा धंदा

पाहुणे आले की आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले लोक त्यांना गाडीत घालून उरवाई दरवाजाने किल्ल्यावर नेतो. पूर्वेकडच्या किला गेटने जायचं तर पायी चढावं लागतं, म्हणून तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. मी मात्र गेली पंचवीस वर्षं तिकडे जातोय, आणि तेही किल्ल्यासाठी नव्हे. किला गेटहून हजिऱ्याकडे जाताना एका आरामशीनवर माझी बैठक आहे. किल्ल्याच्या आलमगिरी दरवाजातून आत शिरलं की गुजरी महालाचं संग्रहालय लागतं. ग्यारसपूरची जगप्रसिद्ध शालभंजिका तिथेच आहे. तीही झाडाचीच बाई, पण तिला मी दोनदा पाहिलंय आणि करवतीला दोनशेदा. घरच्यांनी आता बोलणं सोडून दिलंय.

लाकडाच्या ठेकेदाराला खर्च विचारा. तो बोटांवर मोजत सांगेल: मालाची किंमत, ट्रकचं भाडं, हमाली, वीज, चिराई. या यादीत पट्टा, म्हणजे बँडसॉचं ते लांबलचक दातेरी पातं, शेवटी येतं किंवा येतच नाही. माझं मत उलटं आहे. धंद्याचा नफातोटा पट्ट्याच्या दातांवर ठरतो.

हिशेब करूनच बघा. 20 अश्वशक्तीची मोटर म्हणजे 15 किलोवॅट. पूर्ण भाराने चालली तर तासाला सोळा-सतरा युनिट खाते. युनिटला 8 रुपये आणि 100 घनफूट लाकडाला पाच तास धरले, तरी वीज साडेसहाशे-सातशे रुपयांची. आता याच लाकडाच्या एक इंची फळ्या पाडा. पट्ट्याने 2 मिलिमीटरची चीर घेतली तर शंभरातलं साडेसात घनफूट लाकूड भुसा होतं. धार गेली, दातांना फाक जास्त पडली आणि चीर 3 मिलिमीटर झाली, की जवळजवळ पावणेअकरा. घनफुटाला 3,000 रुपये दराचा सागवान असेल, तर त्या एका मिलिमीटरमध्ये दहा हजारांच्या आसपास भुशात गेले. विजेच्या बिलावरून कुरकुरणारा मालक या ढिगाकडे ढुंकून बघत नाही. भुसा पोत्यांनी विकून वर चहाचे पैसे सुटले म्हणून खूश असतो. जुन्या गोल करवतीची चीर पाच-सहा मिलिमीटरची. तिचा हिशेब न केलेलाच बरा.

पट्टा म्हणजे पोलादाची पातळ फीत, दोन मोठ्या चाकांवर चढवलेली. जाडीचा ढोबळ नियम असा की चाकाच्या व्यासाचा हजारावा भाग. 36 इंची चाकाला पट्टा सुमारे 0.9 मिलिमीटर. चाक मिनिटाला 600 फेरे घेत असेल तर पट्टा ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने पळतो. वीस फुटी पट्ट्याचा प्रत्येक दात सेकंदाला साडेचार-पाच वेळा लाकडातून जातो, आणि प्रत्येक फेरीत पट्टा दोनदा वाकून सरळ होतो. तासाला तीस हजारांहून जास्त वेळा! घरातला पत्र्याचा तुकडा दहा-वीसदा वाकवला तरी तुटतो. म्हणून पट्टा दर काही तासांनी उतरवायचा, धार लावायची आणि त्याला खुंटीवर आराम द्यायचा. पट्टा थकतो असं त्याला धार लावणारा मिस्त्री म्हणतो ते पोलादाच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. तडा जातो तो बहुधा दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी. खाच टोकदार राहिली तर लवकर, गोल घासली तर उशिरा.

मिस्त्रीचं काम मी तासन्‌तास बघतो. कानस किंवा एमरीचं चाक फक्त दाताच्या टोकावरून फिरवून भागत नाही. खाचही तेवढीच खोल ठेवावी लागते, कारण लाकडातून बाहेर पडेपर्यंत भुसा तिथेच मावायचा असतो. मग दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवायचे. त्यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. पट्टा ऐरणीवर घेऊन मधला भाग हातोडीने हलकेच ताणायचा, म्हणजे दोन्ही कडा घट्ट राहतात आणि पट्टा लाकडात भरकटत नाही. किती ठोकायचं? आमचा मिस्त्री पट्टा वाकवतो, त्यावर सरळ पट्टी आडवी धरतो आणि खालून डोकावणाऱ्या उजेडाची फट बघतो. एकदा मला म्हणाला, “भाऊसाहेब, मोटर सेठ की, पट्टा मेरा.”

या पट्ट्यामागे एका बाईचं डोकं आहे हे त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला. इंग्लंडच्या विल्यम न्यूबेरीने 1808 मध्ये बँडसॉचं पेटंट घेतलं, पण पट्ट्याचा सांधा टिकेना. यंत्र जवळजवळ चाळीस वर्षं कागदावरच. 1846 मध्ये फ्रान्सच्या आन पोलिन क्रेपाँ हिने सांधा जोडायची पद्धत पेटंट केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

तोडणीवाल्यांचंही तेच. चेनसॉला पेट्रोलमध्ये लिटरमागे 20 मिली टू-स्ट्रोक तेल, म्हणजे 1:50, हे सगळ्यांना पाठ असतं. गोल कानस मात्र पिशवीत गंजत पडते. झाड कापताना चकत्यांऐवजी पीठ उडायला लागलं की साखळी बोथट झाली समजावं.

आता कर्तव्य म्हणून थोडी पार्श्वभूमी. ग्वाल्हेर-शिवपुरीच्या रानात धावडा, खैर, सालई. चांगला सागवान दक्षिणेकडून यायचा. चंद्रपूर-बल्लारशाहच्या सागवानाची ख्याती एवढी की 2023 च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी माल तिथूनच गेला. मध्य प्रदेशात आरामशीनला 1984 च्या काष्ठ चिरान कायद्याखाली परवाना लागतो, आणि वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यातल्या 1996 च्या आदेशापासून सर्वोच्च न्यायालयाचीही नजर आहे. झालं.

मोजमाप मात्र सोडवत नाही. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं, ही रीत एडवर्ड हॉपस या इंग्रजाच्या 1736 च्या पुस्तकातून रूढ झाली. ओंडका अगदी गोल असेल तर या रीतीने खऱ्या लाकडाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरतं. उरलेलं साडेएकवीस टक्के ठेकेदाराला फुकट मिळालं असं वाटतं. पण कडेच्या सालपटफळ्या आणि भुसा यांतच ते जातं. जुन्या मोजणाऱ्यांना चिराईचं नुकसान आधीच कळलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

पट्ट्याचा खरा वैरी लाकूड नव्हे, लोखंड. शहरातली झाडं पाट्या, तारा, खिळे गिळून बसलेली असतात. बाभळीच्या फळीवर निळसर काळा डाग दिसला की समजावं, आसपास खिळा आहे. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून शाईच बनते. सागवानी तुळईत हे एवढं ठळक दिसत नाही. आमच्या लष्करातल्या जुन्या घराची एक तुळई मी मोठ्या हौसेने चिरायला नेली होती. खिळे मीच काढले होते, एक सोडून. पट्टा बंदुकीसारखा वाजून तुटला. सगळे त्या वेळी बाजूला होते म्हणून निभावलं. मिस्त्रीने तुकडे गोळा केले आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तुमच्याकडे वाड्याची जुनी तुळई असेल तर चिरायला नेण्याआधी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. पट्टा तुटला तर त्याचे पैसे लाकूड आणणाऱ्याकडून घेतात. मी दिले आहेत.