परिसर-संगीत आणि श्रवणाच्या दोन रीती

गायनाच्या बैठकीत गवयाच्या मागे तंबोरा झंकारत असतो. श्रोत्यांचे सारे लक्ष गवयाच्या गळ्याकडे लागलेले असते. तंबोऱ्याकडे कोणी मुद्दाम कान देत नाही. परंतु तो छेडणाऱ्याचा हात क्षणभर थांबला, की साऱ्या बैठकीला कसली तरी उणीव भासू लागते. याच्या उलट प्रयोगही करून पाहण्याजोगा आहे. सुरात लावलेल्या तंबोऱ्याजवळ डोळे मिटून पाच मिनिटे बसावे. प्रथम केवळ चार तारांचा गुंजारव ऐकू येतो. हळूहळू त्यातून वरच्या सप्तकांतील बारीक स्वर उमलू लागतात, आणि कोणत्याही तारेला न लावलेला गंधारही स्पष्ट ऐकू येतो. त्यालाच गवई स्वयंभू गंधार म्हणतात.

ध्वनी एकच, दुर्लक्ष केले तर तो त्रास देत नाही, आणि लक्ष दिले तर तो काही नवे दाखवितो. विसाव्या शतकात काही संगीतकारांनी नेमक्या याच गुणावर बेतलेले संगीत बुद्धिपुरस्सर रचले. त्यास ‘अँबियंट म्युझिक’ असे नाव मिळाले. मराठीत त्याला परिसर-संगीत म्हणता येईल. चित्रपटातील पार्श्वसंगीताहून ते निराळे होय. चित्रपटाचे पार्श्वसंगीत कथेतील प्रसंगाला उठाव देते. परिसर-संगीत ज्या खोलीत वाजते त्या खोलीचाच एक भाग होऊन राहते.

या विषयाचा विचार करण्यास आणखीही एक कारण आहे. रस्त्यावरचा गोंगाट कानांआड करण्यासाठी कानात त्याहूनही मोठा आवाज भरण्याची सवय आज शहरांत सर्वत्र दिसते. अभ्यास करणारा विद्यार्थी, आगगाडीने कामावर जाणारा कारकून, झोप न येणारा रुग्ण, सर्वजण हाच उपाय करतात. आणि त्याची किंमत अखेर कानालाच मोजावी लागते. संगीताची योग्य निवड केली, तर तोच हेतू पुष्कळ कमी आवाजात साधता येतो.

तंबोऱ्याचा गुंजारव

तार छेडली असता तिचे कंपन एकाच प्रकारचे नसते. संपूर्ण तार हेलावते, त्याच वेळी तिचे दोन, तीन, चार असे समान भागही स्वतंत्रपणे कंप पावतात. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर यातूनच जन्मास येतात. पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर हाच खर्जाच्या तारेतील स्वयंभू गंधार होय. साध्या तारवाद्यात एक नियम आढळतो: ज्या बिंदूवर तार छेडली, तो बिंदू ज्या उपस्वराच्या बाबतीत स्थिर असावयास हवा, तो उपस्वर निघत नाही. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास कलकत्त्यात तंबोरा आणि वीणा यांचा अभ्यास केला, तेव्हा ही वाद्ये हा नियम पाळीत नाहीत असे त्यांना आढळले. जे उपस्वर निघू नयेत तेही त्यांत जोमदारपणे निघतात.

याचे कारण तंबोऱ्याच्या घोडीत आहे. तिचा माथा धारदार नसून रुंद व किंचित उतरता असतो. घोडी आणि तार यांमध्ये सुताचा बारीक धागा सरकवून ‘जवारी’ काढली, की कंप पावणारी तार घोडीला पुनःपुन्हा हलकेच स्पर्श करते, आणि त्या स्पर्शाने तारेतील शक्ती सतत नवनव्या उपस्वरांत वाटली जाते. शिवाय एका तारेचा नाद विरण्यापूर्वीच दुसरी छेडली जात असल्याने मध्ये खंड पडत नाही. म्हणजे तंबोऱ्याच्या नादात एकाएकी काहीच घडत नाही. पण आतून तो क्षणोक्षणी बदलत असतो. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही जवारीची विद्या परिसर-संगीताचे मर्म उलगडून दाखविते.

मांडणीच्या सामानासारखे संगीत

पाश्चात्त्य देशांत या विचाराला प्रथम वाचा फोडली ती फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी. खुर्ची-मेजाप्रमाणे खोलीत नुसते असावे, कोणी त्याकडे लक्ष देऊ नये, अशा संगीताची कल्पना त्यांनी १९१७ मध्ये मांडली आणि त्याला ‘लाकूडसामानाचे संगीत’ अशा अर्थाचे नाव दिले. १९२० च्या मार्च महिन्यात पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात त्याचा प्रयोग झाला. परंतु वाद्ये वाजू लागताच प्रेक्षक बोलणे थांबवून ऐकू लागले! लोकांनी बोलावे, हिंडावे-फिरावे, अशी विनवणी खुद्द सातींना करावी लागली. कान सवयीने ऐकतो, हा धडा त्या प्रयोगाने दिला.

पुढे या कल्पनेला व्यापारी वळण लागले. अमेरिकेत जॉर्ज ओवेन स्क्वायर या सेनाधिकाऱ्याने तारांवाटे संगीत पुरविण्याचा उद्योग १९२२ मध्ये उभारला. १९३४ मध्ये त्याला ‘म्युझॅक’ हे नाव मिळाले. कचेऱ्या व कारखाने यांसाठी पंधरा मिनिटांचे संगीताचे तुकडे अशा क्रमाने लावीत, की त्यांची गती व जोम चढत जावा आणि कामगारास हुरूप यावा. या संगीताकडे दुर्लक्ष करता येत असे; पण लक्ष दिल्यास हाती लागण्यासारखे त्यात फारसे काही नसे.

दोन्ही गुणांची सांगड घातली ती इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो यांनी. १९७५ च्या जानेवारीत अपघातात जखमी होऊन ते घरी अंथरुणाला खिळले होते. भेटीस आलेल्या मैत्रिणीने हार्प या वाद्याच्या जुन्या संगीताची ध्वनिमुद्रिका आणून दिली. ती कशीबशी लावून ते आडवे झाले, तेव्हा ध्यानात आले की आवाज फारच बारीक आहे आणि दोहोंपैकी एक ध्वनिवर्धक मुकाच आहे. उठण्याचे त्राण नव्हते. पडल्या पडल्या ऐकताना ते संगीत खोलीतील प्रकाश आणि बाहेरचा पाऊस यांत मिसळून गेल्याचे त्यांना जाणवले. त्याच वर्षी त्यांनी ‘डिस्क्रीट म्युझिक’ आणि १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही रचना केली. असे संगीत दुर्लक्षिता येईल तितकेच लक्षवेधीही असावे, असा दंडक त्यांनी घालून दिला.

या दुसऱ्या रचनेच्या एका भागाची घडण समजण्यास सोपी आहे. गायलेला एकेक दीर्घ स्वर ध्वनिफितीच्या एकेका कड्यावर मुद्रित केला आणि कड्यांची लांबी वेगवेगळी ठेवली. ईनो यांनी सांगितल्याप्रमाणे त्यांतील तीन कडी सुमारे २३.५, २५.८७५ आणि २९.९३७५ सेकंदांची होती. हेच आकडे काटेकोर धरून गणित केल्यास पहिली दोन कडी एकाच क्षणी सुरू होण्याचा योग सुमारे ८१ मिनिटांनी येईल. तिन्हींचा योग मात्र जवळजवळ २७ दिवसांनी! साहित्य अगदी थोडे, पण त्याची जुळणी सदैव नवी. कानाला ओळखीचेपणा लाभतो आणि कंटाळाही येत नाही.

कान आणि अवधान

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपेतही ध्वनी मेंदूपर्यंत पोहोचतच असतो. त्यांतील कोणता जाणिवेत घ्यावयाचा याची निवड अवधान करते. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने दोन कानांत दोन निरनिराळी भाषणे ऐकवून ही निवड तपासली. एका कानातील भाषण शब्दशः म्हणत राहण्यास सांगितलेल्या माणसाला दुसऱ्या कानात काय सांगितले गेले हे सांगता येत नसे. तेथील भाषा इंग्रजीची जर्मन झाली तरी त्याच्या ध्यानात येत नसे.

तथापि लक्ष न दिलेला ध्वनी निरुपद्रवी असतो, असे मात्र नव्हे. १९७६ मध्ये हर्बर्ट कोल आणि ॲलन वेल्श यांनी दाखविले, की नजरेसमोरची अक्षरे क्रमाने लक्षात ठेवणाऱ्या माणसाची स्मृती शेजारी चाललेल्या भाषणाने ढासळते. ते भाषण त्याला न कळणाऱ्या भाषेत असले तरीही. तेव्हा अर्थ कळत नाही म्हणून परभाषेतील गाणी अभ्यासाला चालतील, हा समज बरोबर नाही. झपाट्याने पालटणारा ध्वनीच मनातल्या उजळणीत ढवळाढवळ करतो.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविल्याप्रमाणे कान सर्व स्वर सारख्या संवेदनेने ऐकत नाही. सेकंदाला १००० कंपनांचा स्वर दोनतीन डेसिबलांवरही ऐकू येतो. ६० कंपनांचा खर्ज ऐकू येण्यास तो सुमारे ३५ ते ४० डेसिबल असावा लागतो. आवाज बारीक करताच खर्ज प्रथम लोपतो, तो याच कारणाने. म्हणून ज्या संगीताची सारी मदार ढोल आणि खर्ज यांवर आहे, ते हळू वाजविल्यास पंगू होते आणि हात नकळत आवाज वाढविण्याकडे वळतो.

कोणते संगीत केव्हा ऐकावे

वरील विवेचनावरून निवडीच्या कसोट्या सहज निघतात. काम करताना वाजवावयाचे संगीत शब्दविरहित असावे. त्यात आकस्मिक आघात नसावेत. आणि आवाज कमी केला तरी त्याचे रूप टिकावे. या तिन्ही कसोट्यांस ‘डिस्क्रीट म्युझिक’चा अर्ध्या तासाचा पहिला भाग उत्तम उतरतो. ईनो यांचेच ‘थर्स्डे आफ्टरनून’ (१९८५) हे सुमारे ६१ मिनिटे अखंड चालते. लेखन वा रेखाटन यांसारख्या दीर्घ कामास ते विशेष सोयीचे. जपानी संगीतकार हिरोशी योशिमुरा यांचे ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ (१९८२) विद्युत-पियानोच्या मोजक्या, सुट्या स्वरांनी घडले आहे. सकाळच्या घरकामात ते खिडकीतून येणाऱ्या उन्हासारखे वाटते. पियानोचा मृदू नाद आवडणाऱ्यांनी हॅरल्ड बड आणि ईनो यांची ‘द प्लॅटो ऑफ मिरर’ (१९८०) ही ध्वनिमुद्रिका लावून पाहावी. परंतु पाठांतर किंवा अवघड हिशेब करावयाचा असेल, तर शांतता हीच सर्वांत उत्तम, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

सखोल श्रवणासाठी निवड निराळी. त्या वेळी संगीत हेच काम असते. ‘डीप लिसनिंग’ हा शब्दच रूढ करणाऱ्या अमेरिकन संगीतकर्त्या पॉलीन ऑलिव्हेरोस १९८८ मध्ये दोन सहकाऱ्यांसह वॉशिंग्टन राज्यातील एका भूमिगत, रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरल्या. चांगल्या संगीतगृहात ध्वनीचा निनाद सुमारे २ सेकंद टिकतो. या टाकीत तो सुमारे ४५ सेकंद टिकत असे. अकॉर्डियन, ट्रोंबोन आणि कंठ यांचा एकेक स्वर त्यात सोडावा, तो विरेपर्यंत थांबावे, आणि वास्तूने दिलेल्या उत्तराला पुन्हा उत्तर द्यावे, अशा रीतीने ते संगीत सिद्ध झाले. फ्रेंच संगीतकर्त्या एलिआन रादीग यांची तीन भागांची ‘त्रिलोजी द ला मोर’ सुमारे तीन तासांची आहे. तिच्यातील विद्युत-स्वर इतक्या मंदगतीने बदलतात, की बदल घडून गेल्यावरच तो उमगतो.

भारतीय श्रोत्याला ही वाट अपरिचित नाही. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले; तेथील ला माँट यंग आणि टेरी रायली या संगीतकारांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. दीर्घ स्वरांचा शोध यंग यांनी आधीच आरंभला होता. त्या शोधाला तंबोऱ्याची आणि संथ आलापीची जोड मिळाली. ज्या घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, त्याच घराण्याची स्वरसाधना अशा मार्गाने दूरदेशी पोहोचली. म्हणून नव्या श्रोत्याने आरंभ तंबोऱ्यापासून केला तरी चालेल. दहा मिनिटे नुसता तंबोरा ऐकावा. नंतर तालाविना चाललेला ध्रुपदाचा आलाप ऐकावा. मग वरील रचनांकडे वळावे. ऐकताना एकाच स्वराचा आरंभापासून विरण्यापर्यंत पाठलाग करावा. मन भटकले तर चिडू नये. जो स्वर त्या क्षणी चालू असेल त्यावर ते परत आणावे.

आवाजाची मर्यादा

आतील कानातल्या शंखाकृती कर्णावर्तात सुमारे १५ ते १६ हजार केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या नष्ट झाल्यास मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने ८० डेसिबलांचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलांचा केवळ ४ तास. १० डेसिबलांची वाढ म्हणजे दसपट शक्ती, म्हणून अवधीही दशांश. भारतात २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविली आहे. घरातील संगीत या मर्यादेच्या आतच असावे. ते चालू असताना शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता यावे, ही सोपी कसोटी होय. कानात घालावयाच्या यंत्रांबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. गोंगाटाच्या जागी आवाज वाढविण्याऐवजी काही वेळ ती काढून ठेवणे हेच हिताचे.

परिसर-संगीताचा खरा लाभ तेव्हाच पदरी पडतो, जेव्हा ते संपल्यावरही कान उघडे राहतात. पंख्याची घरघर, दूरची आगगाडी, पागोळ्यांचे ठिबकणे, हे सर्व ध्वनी तेथे पूर्वीही होतेच. संगीत बंद केल्यावर ते ऐकू येऊ लागले, तर निवड योग्य झाली असे समजावे. ते ऐकू येईनासे झाले, तर आवाज कमी करावा.